पलीकडचे मास्तर

औषधाच्या दुकानातल्या फोनवर एक माणूस आपल्या बायकोशी खोटं बोलला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. बायको त्याची, खोटंही त्याचं, माझा त्यात काडीचा संबंध नव्हता. मी सासूबाईंच्या गुडघ्यांचं मलम घ्यायला उभी होते. तो आमच्याच इमारतीतला, दुसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ. कामाच्या दिवशी, भर सकाळी, काखेत मासे धरायचा गळ आणि डोक्यावर उन्हाची टोपी. "अगं, आल्यापासून टेबलावरून हललो नाहीये," तो फोनमध्ये म्हणत होता आणि त्याचा आवाज इतका दमलेला, इतका ऑफिसातला होता की मी दोनदा वळून गळाकडे पाहिलं. मग त्याने काउंटरवरची बिलांची चवड उचलली, फोनच्या तोंडाशी नेऊन फडफडवली आणि जिथे कुणीच नव्हतं त्या दिशेला म्हणाला, "ठेवा हो तिथे, करतो सही." दुकानदार मान खाली घालून हसला. फोन ठेवल्यावर गृहस्थ माझ्याकडे बघून जरा ओशाळला. "वहिनी, तुम्ही काही ऐकलं नाही हं." मी म्हटलं, "मी कुठे काय ऐकते?" आणि मलमाची नळी पर्समध्ये टाकून बाहेर पडले.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी खड्डा तसाच होता. मला भीती नेहमी उशिरा कळते. आधी पोटाला कळते, मग तळव्यांना, आणि सगळ्यांचं झाल्यावर मला. लहानपणी अंगणात साप निघाला तेव्हा मी त्याला ओलांडून घरात आले, पाणी प्यायले आणि मग रडायला लागले, अशी गोष्ट आई सांगायची. म्हणून आताही मी घाई केली नाही. बाहेर रस्ता ओला होता, झाडूवाल्या बायका पानं ढकलत होत्या, एका शाळेच्या कुंपणाला नवा रंग दिलेला होता. बिलांचा फडफडाट मात्र कानातून जाईना. फोनवरचं खोटं मी खूप ऐकलेलं आहे, माझा धंदाच तो. पण या माणसाने नुसतं खोटं सांगितलं नव्हतं, खोट्याभोवती एक ऑफिस उभं केलं होतं. टेबल, कागद, सहीसाठी ताटकळणारा कारकून. पलीकडे त्याची बायको रिसीव्हर कानाला लावून तो कागद ऐकत असेल आणि तिला वाटत असेल, बिचारा किती राबतो. ती मूर्ख नाही, मी तिला ओळखते. तिने आवाज ओळखला, आणि आवाज तर खरोखर त्याचाच होता.

माझे कान चांगले आहेत. विनय बाजूला ठेवून सांगते, कारण विनयाने कुणाला जास्त ऐकू येत नाही. आमच्या खात्याचं नाव दारावर नाही आणि पगाराच्या कागदावर भलतंच आहे. इमारतीतल्या लोकांसाठी मी हवामान खात्यात आहे. त्यापायी आयुष्यभर बोलणी खाल्लीत. कुणाची गादी वाळत असताना पाऊस आला की तळमजल्यावरच्या काकू जिन्यातून ओरडतात, "अहो, जरा आधी सांगायचं तरी!" सासूबाई तर मला हवामान खात्यावरचा कलंकच समजतात. खरं म्हणजे मी आकाशाकडे वर्षानुवर्षं कान लावून बसले आहे, फक्त पावसासाठी नाही. पलीकडे जो देश आहे, आपल्यापेक्षा मोठा, आपल्यापेक्षा रणगाडे जास्त, विमानं जास्त आणि मिजास तर कितीतरी जास्त, त्याचं सैन्य दिवसभर आपसात बोलत असतं. सैन्याला बोलल्याशिवाय जगता येत नाही. डिझेल संपलं की बोलावं लागतं, पट्टा तुटला की बोलावं लागतं, साहेब येणार असले की मग तर बोलण्याला ऊत येतो. लोक म्हणतात भिंतींनाही कान असतात. आम्ही त्या भिंती.

त्यांचे शब्द कुलूपबंद असतात. आकड्यांच्या रांगा येतात, त्यांचा अर्थ काढणारी माणसं वरच्या मजल्यावर बसतात आणि पुष्कळदा त्यांनाही तो निघत नाही. पण मला शिकवणाऱ्या बाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "पोरींनो, शब्दांना कुलूप लावता येतं, हाताला नाही." तारयंत्राची कळ दाबणारा प्रत्येक माणूस टिंब आणि रेघ आपल्या पद्धतीने दाबतो. कुणी रेघ ओढत नेतो, कुणी टिंबावर ठेचकाळतो, कुणी वाक्य संपताना उगाच एक झटका देतो. चालण्यावरून आपण लांबून माणूस ओळखतो ना, तसं. हात ओळखला की माणूस ओळखला, आणि माणूस कुठून बोलतोय ते आमचे दिशा शोधणारे लोक नकाशावर दाखवतात. म्हणजे तो ज्या मुख्यालयाचा, ते मुख्यालय कुठे आहे ते कळलं. कोण कुणाशी बोलतोय, किती बोलतोय, कुठून बोलतोय, एवढ्यावर आम्ही त्यांचं अख्खं सैन्य उभं केलेलं आहे. मला त्यांच्या तुकड्या माझ्या नणंदांपेक्षा नीट माहीत आहेत. त्यांनी नवे रणगाडे घेतले तेव्हा त्यांचे फोटो कुणाला मिळायच्या कितीतरी आधी मी सांगितलं होतं, की यांच्याकडे काहीतरी नवं आणि जड आलंय, कारण दुरुस्तीवाले एकाएकी तोंडाला फेस येईपर्यंत बोलायला लागलेत. आमचे साहेब हसले होते. नंतर फोटो आले तेव्हा पेढे मात्र मीच वाटले, म्हणजे साहेबांच्या पैशांनी.

मास्तर हे त्यातलं माझं खास माणूस. सरहद्दीच्या पलीकडे त्यांची जी रणगाड्यांची मोठी डिव्हिजन आहे, जिची आपल्या लोकांना सगळ्यात धास्ती, तिच्या मुख्यालयाच्या कळीवर मास्तर बसतात. नाव मी ठेवलं. हात खडूसारखा, स्वच्छ, ठासून, आणि खालचा कुणी चुकला की त्याला मध्येच तोडून पुन्हा सगळं म्हणायला लावणार. माझी मुलगी रांगत होती तेव्हापासून मी त्यांना ऐकते आहे. ते कधी मोठ्या सरावाला गेले, नदी उतरायचा सराव तर तीनतीनदा, तेव्हा मी त्यांच्या मागेमागे नकाशावर गेले. एकदा आठवडाभर त्यांचा हात कापत होता. रेघा मध्येच मोडायच्या, खालच्यांच्या चुकांकडे ते लक्षच देत नव्हते, आणि गंमत म्हणजे खालचे लोक त्या आठवड्यात एकदाही चुकले नाहीत, इतके जपून बोलत होते. त्यांच्या घरात कुणीतरी गेलं होतं, दुसरं काय असणार? मी वर सांगितलं, ऑपरेटर तोच आहे, आजारी असावा. घरी त्या आठवड्यात माझंही स्वयंपाकात लक्ष नव्हतं. ह्यांनी विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं, "ओळखीच्या एका मास्तरांकडे वाईट झालंय." ते म्हणाले, "जाऊन ये मग." या माणसाला मी काय करते ते माहीत नाही, पण आपल्याला माहीत नाही हे त्यांना फार नीट माहीत आहे, आणि त्यावरच आमचा संसार सुखाचा झालाय.

काल मी साहेबांना सांगितलं होतं, डिव्हिजन घरी आहे. महिन्याभरापूर्वी पलीकडे भाषणं झाली, नकाशे हलवले गेले, आपल्याकडे सरहद्दीवरच्या सगळ्यांच्या रजा बंद झाल्या. मग हळूहळू गरम पाणी कोमट झालं. साहेबांनी काल विचारलं, "मास्तर कुठे आहेत?" मी म्हटलं, "बराकीत. तोच हात, तीच जागा, रोजच्या गप्पा." "नक्की?" मी म्हटलं, "साहेब, मी त्यांना झोपेतही ओळखीन." त्यावर रजा उघडल्या. संध्याकाळी मुंगीचा फोन आला. मुंगी म्हणजे माझी मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मुंगी, आणि आता सैन्यात सर्जन आहे, सरहद्दीजवळच्या फिरत्या हॉस्पिटलात माणसांची हाडं जोडते. "आई, रजा मिळाली. उद्या दुपारच्या गाडीने निघते. मला फक्त झोपायचंय, कुणाला घरी बोलावू नका." ह्यांनी लगेच तिच्या खोलीतला दिवा बदलला. सासूबाईंनी तिची उशी उन्हात टाकायला सांगितली आणि वर मला विचारलं, "उद्या ऊन आहे ना? की नेहमीसारखं?"

बस ऑफिसच्या थांब्याच्या अलीकडच्या चौकात अडकली होती तेव्हा तो खड्डा तळव्यांत उतरला, आणि मग मला कळलं. मी काल आवाज ओळखला होता. फक्त आवाज. वर्षानुवर्षं आम्ही हात ओळखला की पाय कुठे आहेत तेही कळलं असं धरत आलो, कारण हात आणि पाय एकाच माणसाचे असतात. पण मास्तरांचे पाय मला नको होते. मला रणगाड्यांचे पट्टे हवे होते. मास्तरांना बराकीत ठेवून डिव्हिजन निघून गेली असेल तर? हत्ती गेला आणि शेपूट मागे ठेवलं, मुद्दाम, मला धरायला. ते लोकही काही दुधखुळे नाहीत. आपल्यालाही कुणीतरी ऐकत असणार, आणि ऐकणाऱ्याला मास्तरांचा लळा लागलेला असणार, एवढं त्यांना कळत असेलच. मला एकदम राग आला. मास्तरांचा नाही, माझा. आणि त्या रागाच्या खाली मुंगीची उन्हात टाकलेली उशी होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही.

ऑफिसात आमची खोली लांबट आहे, दोन्ही भिंतींना यंत्रं, मधे कानाला हेडफोन लावलेल्या पाठी. तिथे कुणी कुणाशी फारसं बोलत नाही, दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून बोलण्याची हौस फिटते. मी चहाही न घेता मास्तरांच्या गेल्या काही दिवसांच्या टेपा मागवल्या. काल याच टेपा मी ऐकल्या होत्या आणि त्यांत मला फक्त मास्तर ऐकू आले होते. आज मी ठरवलं की मास्तरांना ऐकायचंच नाही. लग्नाच्या गर्दीत ओळखीचा चेहरा दिसला की बाकी गर्दी दिसत नाही. तेव्हा तो चेहरा हाताने झाकायचा आणि गर्दी बघायची. मास्तर विचारत होते, खालून उत्तरं येत होती. मास्तर सांगत होते, खालून पोच मिळत होती. रोजच्याएवढेच निरोप, रोजच्याच वेळांना, रोजच्याएवढेच लांब. हात स्वच्छ, प्रसन्न म्हणावा इतका. मी टेप थांबवली, पुन्हा लावली. काहीतरी नव्हतं. जे नाही ते ऐकणं सगळ्यात अवघड, कारण त्याला आवाज नसतो. मुंगी तान्ही असताना मी शेजारच्या खोलीत काम करत असायचे आणि एकाएकी धावत जायचे. सासूबाई म्हणायच्या, "रडली नाही गं ती, कशाला धावतेस?" मी म्हणायचे, "रडली नाही म्हणूनच." तशी मी आता टेपेवर वाकले.

कुणी चुकत नव्हतं. इतके दिवस झाले, खालच्या एकाही पोराने आकडा गाळला नव्हता, एकानेही पुन्हा सांगा म्हटलं नव्हतं, आणि मास्तरांनी एकालाही मध्ये तोडलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या माणसाला दिवसातून दहादा रागवायला कारण मिळायचं तो अचानक संतासारखा शांत. आणि भांडण कुठे आहे? दुरुस्तीवाले डिझेलवाल्यांशी भांडतात, डिझेलवाले वरच्या साहेबांच्या नावाने बोटं मोडतात, स्वयंपाकाच्या गाड्या उशिरा येतात म्हणून सगळेच भांडतात. जिवंत डिव्हिजन म्हणजे एकत्र कुटुंब. कुठल्याही घराच्या दाराला कान लावा, तिथे कुणी राहत असेल तर कुरकुर ऐकू येईल. या घरात नुसते शहाण्यासारखे सवाल-जवाब चालले होते, नाटकातल्यासारखे, प्रत्येकाने आपलं वाक्य पाठ केलेलं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मास्तर रिकाम्या बराकीत कळीवर बसले होते, समोर चारदोन पोरं वेगवेगळ्या कळी घेऊन अख्ख्या डिव्हिजनची सोंगं वठवत होती, आणि रागवायला खरोखरचं कुणी नव्हतं म्हणून मास्तरांना राग येत नव्हता. मी हेडफोन काढले. कान तापून लाल झाले होते. सांगायला लाज वाटते, पण मला क्षणभर आनंदच झाला. पकडलं, मास्तर, तुम्हाला पकडलं, असं काहीतरी मनात आलं, आणि लगेच मागोमाग दुपारची गाडी आली.

आमच्याकडे दिशा शोधणाऱ्या विभागाचा एक म्हातारा होत आलेला माणूस आहे, त्याला सगळे होकायंत्र म्हणतात. मी त्याच्या टेबलाशी गेले. "मास्तर कुठे आहेत?" "बराकीत. बोट ठेवून सांगतो." "आणि त्यांची पोरं? खालच्या तुकड्या?" त्याने कागद पुढे ओढले, चष्मा कपाळावरून खाली घेतला. "त्या काय, आजूबाजूलाच. काल तुम्ही हात ओळखलात म्हटल्यावर आम्ही एवढं..." तो थांबला. मग तो रेघा ओढायला लागला, एक, दुसरी, आणि मान न उचलता म्हणाला, "हे सगळे एकाच ठिकाणाहून बोलताहेत हो. एका अंगणात मावतील एवढ्यात." एरवी या तुकड्या कोसाकोसांवर पसरलेल्या असतात. "काल का नाही दिसलं मला हे?" तो स्वतःशीच म्हणाला. मी म्हटलं, "काल मी तुम्हाला बघू दिलं नाही." त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला मुंगी माहीत होती. तिच्या पहिल्या पगाराची मिठाई त्यानेही खाल्ली होती. "बाई," तो हळूच म्हणाला, "अजून दोन दिवस बघू या का? खात्री होईल. तोवर गाडी निघेल." इतक्या प्रेमाने कुणी मला कधी वाईट सल्ला दिला नव्हता.

साहेबांच्या खोलीकडे जाणारी पायऱ्यापायऱ्यांची ती गल्ली मला आठवते तेवढी लांब नाही, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी तिच्यात बरंच काही मावलं. मुंगी सैन्यात जाते म्हणाली तेव्हा मी तीन दिवस अबोला धरला होता आणि चौथ्या दिवशी तिने माझ्या ताटासमोर बसून विचारलं होतं, "तू कुणाच्या भरवशावर झोपतेस गं रात्री? दुसऱ्यांच्याच पोरांच्या ना?" मी तिच्यापुढेही ताट मांडलं होतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, इथे तर मनी वसे ते कानी पडलं होतं. काल मला डिव्हिजन घरी हवी होती, म्हणून ती घरी होती. मला माझी पोरगी गाडीत बसलेली हवी होती. तिच्या हॉस्पिटलातल्या बाकीच्यांना, तिच्या हाताखालच्या नर्सेसना, सरहद्दीवरच्या नदीच्या पुलाजवळ खंदकात बसलेल्या पोरांनाही आया असतील, आणि त्यांच्यातल्या एकीचीही हेडफोनशी ओळख नसेल.

"साहेब, डिव्हिजन घरी नाही," मी दारातूनच म्हटलं. साहेब बैठकीला निघायच्या तयारीत होते, एक बाही कोटात, एक बाहेर. ते तसेच खाली बसले. मी सांगितलं. भांडण नाही, चूक नाही, सगळे एका अंगणात. ते ऐकत होते. ते मुळात आमच्यातलेच, पूर्वी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचे. "कुठे गेलीय?" "ते अजून सांगता येत नाही. गप्प बसून चाललेत. पण गप्प बसून कुणी सहलीला जात नाही." "आपण हललो आणि तुम्ही चुकलात, तर आपण हललो म्हणून ते हलतील. हे कळतंय ना?" "ते हललेत, साहेब." बाहेर कुणाचा तरी टाइपरायटर वाजत होता. मग त्यांनी विचारायला नको ते विचारलं, आणि त्यांनी विचारायलाच हवं होतं. "तुमची मुलगी तिथेच आहे. काल तुम्ही एक सांगितलंत, आज दुसरं. यातलं कुठलं मी वर नेऊ?" मी म्हटलं, "काल तिची आई बोलली. आज मी बोलतेय." माझा आवाज मला आत्याबाईंसारखा वाटला. साहेबांनी दुसरी बाही चढवली. "रजा सगळ्या बंद होतील. फाटकातून बाहेर पडलेलेही परत बोलावले जातील." "माहीत आहे." "तुम्ही घरी जा आज." "टेपा ऐकायच्यात अजून." "घरी जा, बाई," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी दार त्यांनी धरलं.

घरी सासूबाईंनी उशी आत आणून अभ्रा चढवला होता. हे लवकर आले होते, हातात तिच्या आवडीची संत्री, आणि सारखे घड्याळाकडे न बघितल्यासारखं करत होते. मी भाजी चिरायला घेतली. मला भीती वाटत होती, उघड, पोटात, तळव्यांत आणि डोक्यात एकाच वेळी, आणि तरी कांदा मी नेहमीसारखाच बारीक चिरला. आपण बरोबर आहोत हे माहीत असण्याचा काय उपयोग असतो, असं मला वाटत होतं. बरोबर असणं म्हणजे त्या क्षणी कुठलेतरी हजारो पट्टे अंधाऱ्या झाडीतून नदीकडे सरकत असणं. चूक असते तर बरं झालं असतं. चूक असते तर उद्या सगळे मला हसले असते, साहेबांची खुर्ची हलली असती, माझी नोकरी गेली असती आणि मुंगी चार दिवस उशिरा का होईना आली असती. मी मनापासून स्वतःला चूक ठरवायचा प्रयत्न केला. जमलं नाही, कान ऐकेनात.

फोन ह्यांनी घेतला. "काय? अगं पण... बरं. बरं. देतो आईला." रिसीव्हर माझ्याकडे देताना त्यांचा चेहरा शाळेतून घरी पाठवलेल्या मुलासारखा झाला होता. मुंगी संतापली होती. "आई, गाडीत बसले होते मी. सामान बांधून, खिडकीशी. उतरवलं. सगळ्यांना उतरवलं. आमची एक नर्स लग्नाला निघाली होती, स्वतःच्या! आमचे कमांडर म्हणतात, वर कुणा एका माणसाचं मत बदललं. एका माणसाचं, आई. काल घरी जा म्हणाला, आज नको म्हणतोय. त्याला पोरंबाळं नसणार."

"असली तरी त्याने हेच केलं असतं," मी म्हटलं.

पलीकडे बोलणं थांबलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. हा श्वास मी ताप मोजायच्या आधीपासून ओळखते. रडणार असली की तो कसा अडकतो, खोटं बोलणार असली की कसा जपून निघतो. आता तो या दोन्हींसारखा नव्हता. ती विचार करत होती. आई इतकी वर्षं कुठे जाते, सुट्टीच्या दिवशीही कशी जाते, आणि गादी भिजली की खालच्या काकूंचं गुपचूप ऐकून का घेते, हे सगळं ती एकेक करून हाताळत असावी, हाडाचे तुकडे जुळवून बघतात तसं. मग ती बोलली, आणि तो माझ्या मुलीचा आवाज नव्हता, डॉक्टरचा होता.

"आई, किती वेळ आहे आमच्याकडे?"

फोनच्या तारा कशा असतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. त्यांच्या दुसऱ्या टोकाला नेहमी एकच माणूस असतो असं नाही. आयुष्यभर मी घरात एक अक्षर बोलले नव्हते आणि आताही बोलणार नव्हते. हे समोर उभे होते, संत्र्यांची पिशवी अजून हातातच. सासूबाई आतून विचारत होत्या, गाडी चुकली का तिची. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तू जेवून घे," मी म्हटलं.

"आत्ता? आत्ता कुठे चार..."

"आत्ताच जेव. पोटभर. सगळ्यांनाच जेवायला बसव."

एरवी फोन आधी मी ठेवायचा असा आमच्यात नियमच होता, ती लहानपणापासून कधी माझ्याआधी ठेवत नसे. या वेळी पलीकडे खुर्ची सरकली, ती कुणालातरी मोठ्याने हाक मारत होती, आणि फोन तिने ठेवला.

"काय म्हणाली?" ह्यांनी विचारलं.

"जेवायला गेली," मी म्हटलं.